मेजर मार्टिनचे खिसे भरणारा बॅरिस्टर

पुण्यात माँटेग्यू म्हटलं की आठवतात ते भारतमंत्री एडविन माँटेग्यू. शाळेत ‘माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा’ सगळ्यांनीच घोकलेल्या असतात. १९१७ साली ते हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले तेव्हा लोकमान्य टिळकही त्यांना भेटले होते. १९१९च्या कायद्याबद्दल टिळकांनी घेतलेली प्रतियोगी सहकारितेची, म्हणजे सरकार सहकार्य करेल तितकंच आपण करायचं अशी भूमिका तर अमृतसर काँग्रेसमध्ये चांगलीच गाजली. या एडविन यांचा पुतण्या इवेन माँटेग्यू मात्र आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या महायुद्धात एका प्रेताच्या हाती खोटी कागदपत्रं देऊन जर्मनांना फसवणारं ‘ऑपरेशन मिन्समीट’ ऐकून माहीत असतं, त्यामागचा वकील नसतो.

इवेन यांचा जन्म १९०१चा, लंडनच्या गडगंज सावकारी घराण्यातला. शिक्षण केंब्रिज आणि हार्वर्डला. १९२४ साली ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचं लॉ कॉलेज सुरू झालं. १९३९मध्ये त्यांना ‘किंग्ज कौन्सेल’ हा ज्येष्ठ वकिलाचा मान मिळाला. धाकटा भाऊ आयव्हर कम्युनिस्ट आणि टेबल टेनिसचा वेडा. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ त्यानेच उभा केला आणि पुरुष संघांच्या जागतिक अजिंक्यपदाचा स्वेदलिंग चषक याच घराण्याच्या किताबाच्या नावाने ओळखला जातो. गंमत म्हणजे थोरला भाऊ ब्रिटनची सर्वांत नाजूक गुपितं सांभाळत असताना धाकटा सोव्हिएत हेरांना खबरा पुरवत होता, असं पुढे उलगडलेल्या सांकेतिक संदेशांवरून दिसलं.

इवेन यांना शिडाच्या नौका चालवायचा नाद होता. त्या बळावर १९३८ साली ते रॉयल नेव्हीच्या स्वयंसेवी राखीव दलात दाखल झाले. ब्रिटिश नौदलात राखीव दलं दोन होती. एकात व्यापारी जहाजांवरचे मुरलेले खलाशी-अधिकारी, तर दुसऱ्यात वकील, कारकून, मास्तर अशी हौसेने आलेली मंडळी. कायम नौदलातल्यांच्या बाहीवर सरळ सोनेरी पट्ट्या असायच्या, या हौशी लोकांच्या पट्ट्या नागमोडी. त्यावरून त्यांची थट्टाही व्हायची. हिंदुस्थानातही रॉयल इंडियन नेव्हीला जोडून असंच स्वयंसेवी दल होतं. १९७१च्या युद्धात नौदलप्रमुख असलेले ॲडमिरल नंदा १९४१ साली त्यातूनच आत आले. म्हणजे त्या थट्टेला फारसा अर्थ नव्हता.

माँटेग्यूंना जहाज काही मिळालं नाही. वकिली बघून त्यांना नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात नेलं. १९४३च्या सुरुवातीला प्रश्न असा होता की, उत्तर आफ्रिकेनंतर दोस्त राष्ट्रं सिसिलीवर उतरणार हे नकाशा बघून कुणीही सांगितलं असतं. तेव्हा जर्मनांना ग्रीस आणि सार्डिनियाकडे बघायला लावायचं कसं? खोटी कागदपत्रं देऊन एक प्रेत समुद्रात सोडायचं, ही योजना मांडली हवाई दलातले चार्ल्स चम्ली यांनी. ती तडीस नेली चम्ली आणि माँटेग्यू या जोडीने.

माझ्या मते इथे वकील दिसतो. नेहमीच्या खटल्यात आपण आपला पुरावा कोर्टापुढे ठेवतो. इथे तो प्रतिपक्षानेच शोधून काढायचा होता, त्यानेच तपासायचा होता, आणि हे आपण चलाखीने मिळवलं असं त्यालाच वाटायला हवं होतं. म्हणून ‘रॉयल मरीन्सचे मेजर विल्यम मार्टिन’ हा माणूस पंचनाम्यात टिकेल असा बनवला गेला. खिशात वाग्दत्त वधू ‘पॅम’ हिचा फोटो आणि तिची प्रेमपत्रं. साखरपुड्याच्या अंगठीचं बिल. खात्यात शिल्लक नसताना उचललेले ७९ पौंड १९ शिलिंग २ पेन्स परत मागणारं बँकेचं पत्र. वडिलांचं जरा शिष्ट वळणाचं पत्र, नाटकाच्या तिकिटांचे फाटके अर्धुके, किल्ल्या. ओळखपत्र सुद्धा हरवलेल्याच्या बदली दिलेलं, म्हणजे गडी जरा वेंधळा. कापड रेशनवर असल्याने बरी अंतर्वस्त्रं मिळेनात, तेव्हा ऑक्सफर्डचे दिवंगत इतिहासकार एच. ए. एल. फिशर यांची मिळवली. मुख्य ऐवज होता ब्रिटिश लष्कराचे उपप्रमुख जनरल नाय यांनी उत्तर आफ्रिकेतले सेनापती जनरल अलेक्झांडर यांना लिहिलेलं पत्र. इतरांचे मसुदे काही केल्या जमेनात, शेवटी खुद्द नाय यांनाच ते लिहायला सांगितलं. या पत्रात सिसिलीचं नाव होतं, पण हुलकावणीचं लक्ष्य म्हणून!

३० एप्रिल १९४३च्या पहाटे ‘सेराफ’ पाणबुडीने प्रेत स्पेनच्या उएल्व्हाजवळ सोडलं. ते एका मच्छीमाराला सापडलं. स्पेन म्हणायला तटस्थ, पण तिथे जर्मन हेरांचा वावर मोकळा. पाकिटं ब्रिटिशांना परत मिळाली तेव्हा सीलबंदच दिसत होती. पण पत्राच्या घडीत मुद्दाम ठेवलेला पापणीचा केस गायब होता. ४ जूनच्या ‘टाइम्स’मध्ये मृतांच्या यादीत मेजर मार्टिन यांचं नावही रीतसर छापून आलं.

हिटलरने एक चिलखती डिव्हिजन फ्रान्सहून ग्रीसला हलवली. दोस्त फौजा १० जुलैला सिसिलीत उतरल्या आणि १७ ऑगस्टला बेट पडलं. सगळं श्रेय एका प्रेताला देण्यात अर्थ नाही, फसवणुकीच्या आणखी बऱ्याच तारा एकाच वेळी हलत होत्या. पण इटलीचं दार उघडलं ते तिथून. पुढे त्याच इटलीत मराठा लाइट इन्फंट्री लढली, आणि नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी लढाई सिसिलीच्या बरोबर वर्षाने, १० जुलै १९४४ला झाली.

या प्रकरणात खटकणारी गोष्टही कायद्याचीच आहे. ते प्रेत ग्लिंडूर मायकेल या वेल्सच्या बेघर माणसाचं, उंदराच्या विषाने मेलेल्या. लंडनमध्ये संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे कॉरोनर बेंटली पर्चेस यांनी ते गुपचूप मिळवून दिलं. १९५३ साली माँटेग्यूंनी स्वतः ही हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हा मृत्यू न्यूमोनियाने झाला आणि नातेवाइकांची संमती घेतली होती असं लिहिलं. मायकेलचे आईवडील तर तेव्हा हयातही नव्हते. खरं नाव १९९६मध्ये जुन्या कागदपत्रांतून बाहेर आलं आणि १९९८ला उएल्व्हाच्या थडग्यावर कोरलं गेलं. युद्धात असं चालायचं, हे मान्य. दहा वर्षांनी लिहिताना बॅरिस्टरने इतकं सफाईदार खोटं लिहायला नको होतं.

युद्धानंतर माँटेग्यू ‘जज ॲडव्होकेट ऑफ द फ्लीट’ झाले. नौदलाच्या कोर्ट मार्शलची कायदेशीर बाजू बघणारं हे पद त्यांनी १९४५ ते १९७३ असं २८ वर्षं सांभाळलं, जोडीला नौदलाबाहेरचं न्यायाधीशपणही होतंच. १९८५मध्ये ते वारले.

आपल्या नौदलात १९३४च्या कायद्याने ब्रिटिश नौदलाची शिस्तसंहिताच लागू होती. स्वतःचा नौदल कायदा १९५७ला झाला आणि १ जानेवारी १९५८पासून अमलात आला. त्यानुसार कोर्ट मार्शलमध्ये ५ ते ९ अधिकारी बसतात. कायद्याचा मुद्दा समजावून द्यायला जज ॲडव्होकेट असतो, निकालात मात्र त्याला मत नसतं. हे काम बघणाऱ्या नौदलाच्या विधी शाखेत जायला खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून जावं लागत नाही. कायद्याची पदवी घेऊन थेट निवड होते आणि प्रशिक्षण केरळात एळिमलाला. १९९२मध्ये नौदलाने स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली तेव्हा उघडलेल्या मोजक्या शाखांत ही एक होती. २००८च्या धोरणाने कायमस्वरूपी कमिशनही, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी, काही शाखांपुरतं खुलं केलं. त्यात विधी शाखा होती, पण फक्त नव्याने येणाऱ्यांसाठी. आधीपासून नोकरीत असलेल्या स्त्री अधिकाऱ्यांना त्यासाठी मार्च २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावं लागलं.