मज्जारज्जूतलं फाटक

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की दुसरा हात आपसूक तिथे जातो आणि आपण खसाखसा चोळू लागतो. चोळल्यावर ठणका कमी का होतो, याचं पटण्याजोगं उत्तर १९६५ साली मिळालं.

तोवर तीनशे वर्षं फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्तने रंगवलेलं वेदनेचं चित्र चाललं. त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय गेलेला एक जण दिसतो. पायापासून मेंदूपर्यंत धागा. खालून ओढला की वर घंटा वाजते. मज्जारज्जू ही नुसती मधली वाट. चित्र इतकं सुटसुटीत की ते सोडवेना कुणाला.

१९०६ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टनने इजा ओळखणाऱ्या चेताटोकांसाठी वेगळी संज्ञा रूढ केली: नोसिसेप्टर. त्वचेतून निघणारे ए-डेल्टा नावाचे चेतातंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात, सी नावाचे त्याहून बारीक तंतू जेमतेम एखादा मीटर. म्हणून तव्याचा चटका बसला की आधी झणका येतो, आग मागाहून रेंगाळत येते. स्नायूतली कळ मात्र बोथट असते. नेमकं बोट ठेवून दाखवता येत नाही. मज्जारज्जूच्या मागच्या शिंगातल्या (आडव्या छेदात शिंगासारख्या दिसणाऱ्या मागच्या भागातल्या) कित्येक पेशींवर त्वचा आणि स्नायू दोघांचेही निरोप येऊन पडतात, हे त्याचं एक कारण.

हे निरोप ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी या रसायनांच्या रूपाने पुढच्या पेशीच्या ग्राहींवर, म्हणजे रसायन पकडणाऱ्या रेणूंवर, पोचतात. पण जसेच्या तसे पुढे जात नाहीत, असं रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं. मज्जारज्जूत फाटक आहे. स्पर्शाचे जाड तंतू ते ओढून घेतात (आपलं चोळणं हेच करतं), आणि मेंदूही वरून त्यावर हुकूम चालवतो. त्यांच्या आराखड्यातली जोडणी पुढे तंतोतंत खरी ठरली नाही. फाटक मात्र टिकलं. कंबरदुखीवर फिजिओथेरपीत वापरतात ते टेन्स यंत्र (त्वचेवरून विजेचे सौम्य झटके देणारं) त्याच विचारातून आलं.

१९७३ मध्ये अफूजन्य औषधांचे ग्राही सापडले, आणि ते याच मागच्या शिंगात दाटीने असल्याचं पुढे दिसलं. १९८३ मध्ये चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूच अधिक हळवा होऊन बसतो. जखम भरली तरी दुखतंय, असं सांगणाऱ्या रुग्णाला 'मनाचे खेळ' म्हणून घरी धाडणं तेव्हापासून तरी बंद व्हायला हवं होतं.