मोठ्या जातीचं पिल्लू आणि कॅल्शियमची बाटली

लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचं दोन महिन्यांचं पिल्लू घरात आलं, की पाठोपाठ कॅल्शियमची बाटलीही येते. "मोठ्या जातीचं आहे, हाडं भक्कम व्हायला हवीत," असं शेजारी सांगतात, दुकानदार सांगतो आणि आपल्यालाही ते पटतं. चांगल्या कंपनीचं पिल्लांसाठीचं ड्राय फूड सुरू असतं, वर दोन वेळा हे औषध. मायेपोटी केलेली ही गोष्ट त्या पिल्लाच्या सांध्यांना आयुष्यभरासाठी महागात पडू शकते.

ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः साधारण अर्ध्या किलोचं असतं आणि दीड-दोन वर्षांत पन्नास-साठ किलोंचं होतं, म्हणजे जवळजवळ शंभरपट. माणसाच्या बाळाला वीसपट व्हायला अठरा वर्षं मिळतात. या वेगात हाडं लांब होतात ती त्यांच्या टोकांजवळच्या मऊ कूर्चेमुळे. कूर्चेच्या पेशी वाढतात, मग तिथे कॅल्शियम भरतं आणि तिचं हाड होतं. लहान जातींमध्ये हे काम आठ-दहा महिन्यांत संपतं, लॅबसारख्या जातींत वर्ष-सव्वा वर्ष चालतं आणि ग्रेट डेनमध्ये त्याहूनही जास्त. तोवर ही कूर्चा वजनाखाली दबू शकते, बिघडू शकते.

नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात हेझविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर केलेलं काम इथे फार मोलाचं आहे. काही पिल्लांच्या अन्नात कॅल्शियम 1.1 टक्के होतं, काहींच्या अन्नात त्याच्या तिप्पट. तिप्पट कॅल्शियम खाणाऱ्यांची हाडं अधिक भक्कम झाली नाहीत. उलट कूर्चेचं हाडात रूपांतर होण्याची प्रक्रियाच विस्कळीत झाली. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला गरजेपुरतं कॅल्शियम शोषून बाकीचं सोडून देता येतं. लहान पिल्लाच्या आतड्याला तो आवर अजून आलेला नसतो, त्यामुळे जितकं पोटात जाईल त्याचा मोठा हिस्सा रक्तात उतरतो. मग शरीर ते हाडांत कोंबतं, हाडांची नैसर्गिक मोडतोड आणि घडण मंदावते, कूर्चा जाड होत जाते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण झिरपत येतं. जाड कूर्चेच्या तळाशी ते पोहोचत नाही, तिथल्या पेशी मरतात आणि सांध्यात कूर्चेचा तुकडा सुटू लागतो. सहा-सात महिन्यांचं पिल्लू अचानक पुढच्या पायाने लंगडायला लागतं, त्यामागे पुष्कळदा हे असतं.

प्रथिनांवर मात्र उगाच आळ आला. "जास्त प्रोटीनमुळे हाडं बिघडतात" हे आजही ऐकू येतं. उट्रेक्टच्याच संशोधकांनी ग्रेट डेनच्या पिल्लांना 32, 23 आणि 15 टक्के प्रथिनांचं अन्न देऊन पाहिलं. भरपूर प्रथिनांमुळे सांगाडा बिघडल्याचं काही दिसलं नाही. दोष कॅल्शियमचा असतो, आणि एकूण खाण्याचा.

अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं गेलं. दोन वर्षांनी एक्स-रे काढले तेव्हा पोटभर खाणाऱ्या 24 पैकी 16 कुत्र्यांच्या खुब्याच्या सांध्यात दोष होता, कमी खाणाऱ्या 24 पैकी फक्त 7 मध्ये. पुढे आयुर्मानही मोजलं गेलं: निम्मी कुत्री कमी खाणाऱ्या गटात 13 वर्षांपर्यंत टिकली, दुसऱ्या गटात 11.2 वर्षांपर्यंत. कुत्र्यावर जीव असणाऱ्या माणसाला पावणेदोन वर्षं म्हणजे काय, हे सांगायला नको.

पण लॅब तर सतत ताटाकडे बघत बसतो! त्याचं कारण भूकच असतं असं नाही. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये आढळलं, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची जाणीव त्यांना नीट होत नाही. तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे पाहून वाटीत भर घालू नका.

पाकीट निवडताना "पपी" एवढंच न पाहता "लार्ज ब्रीड पपी" पाहावं. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषांनुसार, प्रौढपणी 32 किलोंच्या पुढे जाणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी कोरड्या वजनावर कॅल्शियम 1.2 ते 1.8 टक्के असावं. इतर पिल्लांना 2.5 पर्यंत चालतं. पाकिटावरचा आकडा ओलाव्यासकट असतो. 10 टक्के ओलावा असलेल्या अन्नावर 1.4 लिहिलं असेल, तर 1.4 भागिले 0.9, म्हणजे खरं 1.56. हे अन्न पुरेसं आहे, त्यावर बाटली नकोच.

घरी शिजवणाऱ्यांचं गणित वेगळं, आणि मला वाटतं, अधिक काळजीचं. दूध-पोळी किंवा चिकन-भात यात स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) मानाने कॅल्शियम कमी पडतं. नुसत्या मांसात तर स्फुरद कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतं. मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढून घेतं आणि पिल्लाचे पाय वाकतात. इथे कॅल्शियम द्यावंच लागतं, पण पशुवैद्यकाकडून त्या आहारासाठी मोजून घेतलेलं. "सकाळचं ऊन दाखवतो" हाही उपाय नाही: कुत्र्याची त्वचा उन्हात पुरेसं ड जीवनसत्त्व बनवत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. भाताला मात्र घाबरायचं कारण नाही. माणसासोबत राहून कुत्र्यांनी पिष्टमय पदार्थ पचवायची क्षमता कमावली आहे. कांदा-लसूण घातलेली भाजी, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट मात्र दूरच ठेवा.

किती द्यायचं, हे पाकिटावरच्या तक्त्यापेक्षा बोटं नेमकं सांगतात. दर आठवड्याला पिल्लाच्या बरगड्यांवरून हात फिरवा. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर वाढवा, तळहाताच्या मऊ बाजूसारख्या लागल्या तर कमी करा. पालथ्या हातावरच्या हाडांसारख्या, पातळ थराखाली सहज मोजता येतील अशा लागल्या, की वाटी तशीच ठेवा.