यूएसबी ओळखत नाही? फॉर्मॅट मारण्याआधी दीड हजार ओहमचं ऐका

“ड्रायव्हर उडालाय, फॉर्मॅट मारावं लागतंय.” ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, आणि फॉर्मॅट म्हणजे कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्यानं घालणं. बेळगावच्या खडेबाजारात विचारा, टिळकवाडीत विचारा, नाहीतर निपाणी-चिकोडीकडं विचारा; कॉम्प्युटर पेनड्राइव्ह घेईना झाला की हे उत्तर ठरलेलं. प्रिंटर दिसेना, फॉर्मॅट. अंगठ्याचं मशीन दिसेना, तरी फॉर्मॅट. गिऱ्हाईकही मान डोलावतं, कारण स्क्रीनवर ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असं आलेलं असतं आणि कॉम्प्युटरला काहीच कळलेलं नाही असा त्यावरून सगळ्यांचा समज होतो.

तो संदेश आला याचाच अर्थ कॉम्प्युटरला बरंच काही कळलेलं असतं. काहीतरी जोडलं गेलंय, ते कोणत्या पोर्टात जोडलंय आणि वेगानं कोणत्या गटातलं आहे, इतकं त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. अडलंय ते त्याच्या पुढं. कुठं अडलंय ते ओळखता आलं तर निम्म्या वेळा दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मधली. त्याआधी कीबोर्डचं भोक वेगळं, माऊसचं वेगळं, प्रिंटरची ती पंचवीस पिनांची, दोन्हीकडून स्क्रू आवळायची केबल. आणि काहीही जोडायचं तर आधी कॉम्प्युटर बंद करायचा. इंटेलमध्ये हे काम पुढं नेणाऱ्यांत अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. कॉम्प्युटर चालू असताना जोडा, तो आपणहून ओळखेल, असं आश्वासन होतं. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ ला एक स्कॅनर जोडून हेच दाखवायला गेले आणि भर सभेत निळा पडदा आला, म्हणजे विंडोज कोसळलं. तेव्हा तुमचा पेनड्राइव्ह अडला म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका.

आता पेनड्राइव्हचं तोंड जरा उजेडाकडं धरून आत बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन लांब, मधल्या दोन किंचित आखूड. हे मुद्दाम केलेलं आहे. कडेच्या दोन पट्ट्या विजेच्या, एक पाच व्होल्टची आणि एक जमिनीची म्हणजे ग्राउंडची. मधल्या दोन माहितीच्या, डी प्लस आणि डी मायनस. आत सरकवताना आधी वीज टेकावी, उपकरण जागं व्हावं, मग माहितीच्या तारा जुळाव्यात, अशी ही योजना. म्हणूनच प्लग दोन मिलिमीटर बाहेर राहिला तर लाईट झकास लागते आणि कॉम्प्युटर मात्र ढिम्म. “लाईट लागूलाय की, मग पेनड्राइव्ह चांगला आहे,” हा युक्तिवाद इथंच संपतो. लाईटचा संबंध फक्त लांब पट्ट्यांशी. मोबाइलच्या स्वस्त चार्जरबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींत तर मधल्या दोन तारा घातलेल्याच नसतात. त्यावर मोबाइल चार्ज होईल, फोटो कधीच येणार नाहीत.

पण काहीतरी जोडलंय हे कॉम्प्युटरला कळतं कसं? मला या सगळ्या प्रकारात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. कॉम्प्युटरच्या बाजूला डी प्लस आणि डी मायनस या दोन्ही तारा १५ हजार ओहमच्या रोधकांतून (रेझिस्टरांतून) ग्राउंडला बांधलेल्या असतात. पोर्ट मोकळा असेल तर दोन्ही तारांवर शून्य व्होल्ट. उपकरणाच्या बाजूला दीड हजार ओहमचा एकच रोधक असतो आणि तो दोघींपैकी एका तारेला ३.३ व्होल्टकडं ओढून धरतो. दहावीचा ओहमचा नियम आठवा. जोडल्यावर ३.३ व्होल्ट आधी दीड हजार आणि मग पंधरा हजार ओहममधून ग्राउंडला जातो. एकूण विरोध साडेसोळा हजार, त्यातले पंधरा हजार कॉम्प्युटरच्या बाजूचे, म्हणून तारेवर दिसतो ३.३ चा पंधरा भागिले साडेसोळा इतका हिस्सा, म्हणजे बरोबर ३ व्होल्ट. शून्याचे तीन झाले की कोणीतरी आलं. यात ना प्रोग्रॅम, ना ड्रायव्हर.

त्याहून गंमत म्हणजे ओढलेली तार कोणती, यावरून वेगही समजतो. डी मायनस ओढली तर उपकरण संथ, सेकंदाला १५ लाख बिटांचं. साधे माऊस नि कीबोर्ड बहुतेक यातले. डी प्लस ओढली तर १ कोटी २० लाख बिटांचं. एका चिल्लर किमतीच्या रोधकानं दोन प्रश्नांची उत्तरं दिली, एक अक्षरही न बोलता!

यातून निदानाचा एक सुंदर धागा हाती लागतो. केबल सोलली तर आत साधारणपणे लाल, काळी, हिरवी, पांढरी अशा तारा निघतात. हिरवी डी प्लस, पांढरी डी मायनस. समजा अंगठ्याच्या मशीनच्या केबलमध्ये हिरवी तार तुटली. मग तीन व्होल्ट पोचतच नाहीत, कॉम्प्युटर पूर्ण गप्प. ‘टुंडुंग’ आवाज नाही, संदेश नाही. पण हिरवी शाबूत राहून पांढरी तुटली, तर तीन व्होल्ट पोचतात, आवाज येतो, बोलणं सुरू करायला जावं तर दुसरी तारच नाही. मग येतो आपला तो प्रसिद्ध संदेश. फॉर्मॅट मारून पांढरी तार जुळत नाही.

तीन व्होल्ट दिसल्यावर कॉम्प्युटर सेकंदाचा दहावा हिस्सा थांबतो, कारण प्लग हातानं सरकवताना पट्ट्या थरथरतात. मग तो उपकरणाला रीसेट देतो. आता उपकरणाचा पत्ता शून्य. शाळेत नव्यानं दाखल झालेल्या पोराला हजेरीत नंबर मिळेपर्यंत गुरुजी ‘ए नवीन’ म्हणून हाक मारतात तसं. आणि असा ‘नवीन’ एका वेळी एकच असू शकतो, नाहीतर दोघं एकदम ‘हजर’ म्हणतील. शून्य पत्त्यावर कॉम्प्युटर विचारतो, तुझी ओळख सांग. उत्तर १८ बाइटांचं, आणि त्यात उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि प्रकार असतो. मग १ ते १२७ पैकी एक पत्ता दिला जातो. शेवटी उपकरण सांगतं की मला इतके मिलिअँपिअर लागतील. ओळख पुरी होईपर्यंत शंभरच्या वर घ्यायचे नाहीत, नंतर पाचशेपर्यंत. निळ्या रंगाच्या ३.० पोर्टात नऊशे. ड्रायव्हर शोधणं सुरू होतं ते ओळखीचे १८ बाइट हातात आल्यावर.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणाच्या ओळीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथं डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. उत्पादकाच्या जागी ०००० दिसलं आणि आधीच्या पानावर कोड ४३ असेल, तर ते १८ बाइट मिळालेलेच नाहीत. दोष केबल, पोर्ट, वीज किंवा खुद्द उपकरणात. कोड २८ असून क्रमांक नीट दिसत असेल, तर ड्रायव्हर नाही, एवढंच. तो उत्पादकाच्या साइटवरून घ्यायचा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारी जी सॉफ्टवेअरं फिरतात, ती शून्य नंबरच्या उपकरणासाठी काय शोधणार? नावच माहीत नाही. ती फक्त जाहिराती आणतात आणि वर्षाची वर्गणी मागतात.

“माऊस चालूलाय, म्हणजे पोर्ट बरोबर आहे,” हेही नेहमी ऐकू येतं. पेनड्राइव्ह आधी डी प्लस ओढून मधल्या वेगाचा असल्याचं सांगतो, मग रीसेट चालू असतानाच एक ‘चिर्प’ म्हणजे चिवचिव सोडतो. पोर्टाला जमत असेल तर तो उलटसुलट चिवचिवाटानं उत्तर देतो, मग पेनड्राइव्ह आपला दीड हजार ओहमचा रोधक सोडवून घेतो, दोन्ही टोकांना ४५-४५ ओहम लागतात आणि ४८ कोटी बिटांचा वेग सुरू होतो. इथं एका बिटाला मिळतात जेमतेम २ नॅनोसेकंद. माऊसच्या एका बिटाला ६६७. ज्या गंजक्या पोर्टावर माऊस सुखानं चालतो तिथं पेनड्राइव्हचे बिट एकमेकांत मिसळून जातात. (चिर्पचं नाही कळलं तरी चालेल, तीनशे वीस पटीचा फरक तेवढा लक्षात ठेवा.)

खानापूर तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात ऐन पावसाळ्यात असंच झालं होतं. बाहेर उताऱ्यासाठी, पेन्शनसाठी बायाबापड्या खोळंबलेल्या, आणि आत अंगठ्याचा स्कॅनर दर पाच मिनिटांनी गायब. “काय की सर, सकाळपासून असंच करूलाय.” स्कॅनर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात, तोही एका लांबलचक चपट्या एक्स्टेन्शन केबलवरून. पुढचे पोर्ट मदरबोर्डला आतून आणखी एका वायरीनं जोडलेले असतात, मागचे थेट बोर्डावरच. शिवाय बारीक वायरीचा विरोध जाऊन-येऊन अर्धा ओहम धरला, तर अर्ध्या अँपिअरला पाव व्होल्ट वाटेतच जातो. एक्स्टेन्शन काढून स्कॅनर मागं लावला आणि अंगठे उमटायला लागले. पोर्टाच्या पत्र्याला मात्र गंज चढला होता. जांबोटी-कणकुंबीकडची पावसाळी हवा पट्ट्यांवर पातळ थर चढवते. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कॉम्प्युटर बंद करून पुसायचा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

त्याच कॅबिनेटवर खंडेनवमीचं हळदीकुंकू ओलं करून लावलेलं होतं, नेमकं पोर्टांच्या वर, आणि त्याचा लाल ओघळ थेट भोकात उतरला होता. पूजा करायला कोणाची ना नाही, पण मशीनला नजर लागू नये म्हणून लावलेल्या ओल्या कुंकवानंच पट्टी गंजत असेल तर नजर कुणाची म्हणायची? बाजूला लिंबू-मिरचीही होती. तिनं दोन्ही पक्षांत काही केलं नव्हतं.

एक गूढ मात्र मलाही मान्य. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी पेनड्राइव्ह दिसत नाही, आणि हेस्कॉमनं, म्हणजे इथल्या वीज कंपनीनं, करंट काढून परत दिला की आपोआप दिसायला लागतो. हा योगायोग नसतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये असं होत नाही. त्यातच डेस्कटॉप बंद असतानाही सप्लायमधून पाच व्होल्टची स्टँडबाय वीज मदरबोर्डाला मिळत राहते, कित्येकदा पोर्टालाही. गोंधळलेली चिप रात्रभर गोंधळलेलीच. बऱ्याच मदरबोर्डांवर पोर्टाच्या वाटेत एक आपोआप सावरणारा फ्यूजही असतो. जास्त प्रवाह गेला की तो तापून वाट अडवतो आणि गार झाला की पुन्हा मोकळी करतो, पण त्यासाठी वीज सुटावी लागते. कॉम्प्युटर चालू असताना करंट गेला की ही तिन्ही कामं एकदम होतात.

हेस्कॉमची वाट बघायची गरज नाही. शटडाऊनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरली की विंडोज पुरतं बंद होतं. डेस्कटॉप असेल तर मग मागची पॉवर केबल काढून मिनिटभर थांबायचं. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला गावातला करंट गेल्याचं कळतच नाही, तिथं तर हे हातानंच करावं लागतं. नवीन लॅपटॉपची बॅटरी आत बंदिस्त असते, त्यामुळं तिथं रीस्टार्टवर भागवायचं.