टेकडी, नदी, पाणलोटासाठी काम करणाऱ्या गटाची संस्था नोंदवताना: पुण्यातली प्रक्रिया, पात्रता, कागदपत्रं

वेताळ टेकडीवर रविवारी झाडांना पाणी घालणारे, रामनदीचा काठ साफ करणारे, पुरंदरच्या गावांत समतल चर खोदायला जाणारे कितीतरी गट पुण्यात आहेत. काम वर्षानुवर्षं चालतं. मग एखादी कंपनी सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेला, निधी द्यायला तयार होते आणि विचारते, नोंदणी क्रमांक काय?

बहुतेक गटांना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचा मार्ग सोयीचा. किमान सात सदस्य हवेत. महाराष्ट्रात हीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. पुण्यात त्यासाठी ढोले पाटील रस्त्यावरचं धर्मादाय सहआयुक्त कार्यालय गाठायचं. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी हाही पर्याय आहे, पण तिचा दरवर्षीचा खर्च आणि कागदपत्रांचा व्याप पाहता लहान गटाला मी तो सुचवत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या विधानपत्रातल्या (संस्थेचं नाव-उद्देश सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजातल्या) उद्देशांना. ‘समाजोपयोगी उपक्रम राबविणे’ एवढ्यावर भागवू नका. पर्यावरणाचं जतन, त्यातही पाणलोट क्षेत्र, वनं आणि वन्यजीव, हा आयकर कायद्यात २००९ पासून धर्मादाय हेतूचा स्वतंत्र प्रकार आहे. तुमचं काम ‘इतर लोकोपयोगी काम’ या सदरात गेलं, तर व्यावसायिक स्वरूपाच्या उत्पन्नावर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा येते. रोपवाटिकेतली रोपं विकणाऱ्या किंवा शुल्क घेऊन पाणलोटाचे आराखडे करून देणाऱ्या संस्थेला हा फरक फार जड जातो. म्हणून मृद व जलसंधारण, देशी झाडांची लागवड, ओढे-नाल्यांचं पुनरुज्जीवन हे शब्द उद्देशांत स्पष्ट येऊ द्या.

कागदपत्रं अशी: विधानपत्र आणि नियमावली, स्थापनेच्या सभेचा ठराव, सर्व सदस्यांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे, संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि त्या जागेचं वीजबिल. विश्वस्त नोंदणीचा अर्ज परिशिष्ट २ मध्ये, कोर्ट फी स्टॅम्प लावून. फाईल अडते ती बहुधा नावावर. आधारवर पूर्ण नाव, पॅनवर आद्याक्षरं आणि ठरावात माहेरचं आडनाव असेल, तर त्रुटी निघणारच. सातही जणांची नावं अर्जाआधी एका कागदावर लिहा आणि अक्षर न् अक्षर जुळवा.

भूजलतज्ज्ञ, वनस्पती अभ्यासक, कृषी अभियंता यांच्यावाचून हे काम होत नाही. पण ज्यांना संस्थेकडून मानधन द्यायचंय, त्यांना विश्वस्त करू नका, सल्लागार म्हणून घ्या. विश्वस्तांना दिलेली रक्कम वाजवीपेक्षा जास्त ठरली, तर करसवलतीवरच गदा येते.

जमिनीबद्दल तर आधीच सावध व्हा. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत किंवा भाडेपट्ट्याने घेता येत नाही, आणि संस्थाही त्यातून सुटत नाही. रोपवाटिकेसाठी मावळात दोन एकर पाहून इसार देऊन बसलेला एक गट मला माहीत आहे. परवानगीचा विषय त्यांना नंतर कळला. तेव्हा आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, पैसे मागाहून. संस्थेच्या नावावर आलेली जमीन विकायची झाली, तरी विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

प्रमाणपत्र आलं की संस्थेचा पॅन आणि बँक खातं काढा, मग आयकर खात्याकडे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या करा. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर क्रमांक घ्या. कंपन्यांच्या निधीसाठी सीएसआर-१ हा फॉर्म एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. परदेशी देणगीचा विचार इतक्यात नको, कारण त्या नोंदणीला सर्वसाधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. ३१ मार्चला हिशेब मिटले की सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्या. निधी देणारे पहिल्याच भेटीत हे दोन कागद मागतात.