पाद्र्यांची उपासनावस्त्रे : आधी कापड, मग अर्थ

आल्ब आणि चॅझुबल यांचे मूळ बायबलातल्या याजकांच्या वस्त्रांत शोधण्याची हौस जुनी आहे, पण ते तिथे नाही. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सुस्थितीतला माणूस जे अंगावर घालायचा तेच हे कपडे. आत पायघोळ पांढरा अंगरखा, तो आल्ब; वर थंडीपावसासाठी डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा घोळदार झगा, तो चॅझुबल. पुढे लोकांचा पोशाख आखूड झाला आणि वेदीपाशी उभा राहणारा जुन्याच कपड्यांत राहिला. ४२८ साली रोमच्या बिशपने गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या बिशपांना खरमरीत पत्र लिहून बजावले होते, की आपण लोकांहून वेगळे ओळखले जावे ते शिकवणुकीने, कपड्याने नव्हे. पुढच्या दोनशे वर्षांत नेमके उलट झाले.

राव्हेन्ना येथील सान व्हिताले चर्चमधल्या सहाव्या शतकातल्या मोझेइकमध्ये हा बदल अर्ध्या वाटेवर दिसतो. सम्राटाच्या शेजारी बिशप उभा आहे. अंगावर घोळदार चॅझुबल, त्यावर खांद्यांवरून आलेली पांढरी पट्टी आणि पट्टीवर छोटा क्रूस. बाजूच्या डीकनांच्या, म्हणजे पाद्र्याहून खालच्या दर्जाच्या सेवकांच्या, पांढऱ्या अंगरख्यांवर दोन उभ्या गडद रेघा आहेत. त्या रेघा तेव्हाच्या साध्या रोमन अंगरख्यावरही असत. क्रूसाची पट्टी मात्र निव्वळ पदाची खूण आहे. ६३३ साली तोलेदोच्या धर्मसभेने तर नियमच केला, की अन्यायाने काढून टाकलेल्याला पदावर परत घ्यायचे तर त्याच्या दर्जाची वस्त्रे वेदीसमोर त्याच्या हाती परत द्यायची. डीकनला स्टोल, म्हणजे खांद्यावरून सोडायची लांब अरुंद पट्टी, एकच, तीही डाव्या खांद्यावर.

अर्थ आले ते यानंतर, आणि मग ढिगाने आले. नवव्या शतकापासून भाष्यकारांनी प्रत्येक कापडाला रूपक चिकटवले. मानेभोवतीचे कापड म्हणजे तारणाचे शिरस्त्राण, कमरेचा दोर म्हणजे संयम, चॅझुबल म्हणजे ख्रिस्ताचे जू. कपडे चढवताना म्हणायच्या प्रार्थनांमध्ये ही रूपके पक्की बसली. मॅनिपल, म्हणजे डाव्या मनगटावरची पट्टी, मुळात हातरुमाल. तिच्या वाट्याला अश्रू आणि दुःख आले, आणि सगळ्यांत पटण्याजोगे रूपक हेच. रंगांची शिस्त त्याहून उशिराची आहे. १२००च्या आसपास रोममध्ये पांढरा, तांबडा, हिरवा आणि काळा यांची वाटणी लिहिली गेली. सर्वत्र लागू होणारी यादी १५७०च्या मिस्साग्रंथासोबत आली.

खरा गुंता इंग्लंडमधला, आणि तो एका वाक्याचा आहे. रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चच्या १५४९च्या प्रार्थनापुस्तकाने प्रभुभोजनासाठी साधा आल्ब आणि त्यावर चॅझुबल किंवा कोप, म्हणजे पुढून उघडा पायघोळ झगा, चालू ठेवले. १५५२च्या पुस्तकाने ते सगळे बंद करून पाद्र्यासाठी फक्त सर्प्लिस, म्हणजे रुंद बाह्यांचा सैल पांढरा अंगरखा, ठेवला. मधल्या काळात नेमणूक झालेल्या एका बिशपने दीक्षेची वस्त्रे घालायला साफ नकार दिला, १५५१च्या सुरुवातीला तुरुंगात गेला, आणि काही आठवड्यांत तीच वस्त्रे घालून दीक्षा घेऊन मोकळा झाला. मग १५५९ साली नव्या राणीच्या, पहिल्या एलिझाबेथच्या राजवटीत नियम आला, की सहाव्या एडवर्डच्या राजवटीच्या दुसऱ्या वर्षी संसदेच्या अधिकाराने जी वस्त्रे वापरात होती, तीच वापरावीत. राणी वेगळा आदेश देईपर्यंत.

आता दुसरे वर्ष कोणते? एडवर्ड गादीवर आला २८ जानेवारी १५४७ला, म्हणजे दुसरे वर्ष संपले २७ जानेवारी १५४९ला. १५४९च्या पुस्तकाचा कायदा संसदेने मंजूर केला तो हे वर्ष संपायला आठवडाभर असताना. पुस्तक प्रत्यक्ष वापरात आले जूनमध्ये, म्हणजे तिसऱ्या वर्षी. मग नियमाचा रोख त्या पुस्तकाकडे, की त्याआधीच्या संपूर्ण जुन्या थाटाकडे? शिवाय १५६६ साली मुख्य धर्माधिकाऱ्याने सूचना काढल्या, की गावोगावच्या चर्चमध्ये सर्प्लिस पुरे, कोप फक्त कॅथीड्रलमध्ये. लंडनमध्ये ३७ पाद्र्यांनी तेवढेही घालायला नकार दिला आणि निलंबन पत्करले. त्यांच्या लेखी तो सर्प्लिसही पोपचाच होता. त्या सूचनांवर राणीने अधिकृत शिक्का कधीच मारला नाही. मग हा ‘वेगळा आदेश’ धरायचा की नाही? १६६२च्या पुस्तकाने नियम कायम ठेवला आणि आदेशाची अट तेवढी गाळली. कोड्याचा उरलासुरला धागाही तुटला.

दोनशे वर्षे हे कोणाला फारसे बोचले नाही, कारण चॅझुबल घालणारेच नव्हते. एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा दिसू लागले तेव्हा ते हवे असणारे आणि नको असणारे दोन्ही पक्ष त्याच वाक्यावर बोट ठेवून भांडू लागले. उपासनापद्धतीवर अंकुश ठेवणारा कायदा १८७४ साली झाला. १८७७ साली सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले, की १५६६च्या सूचना हाच वेगळा आदेश, तेव्हा चॅझुबल बेकायदा. म्हणजे १६६२ साली जे शब्द पुस्तकात ठेवले नव्हते ते न्यायाधीशांनी वाचले. कायद्याचे जाणकारही या निकालाचे समर्थन जपूनच करतात. न्यायालयाची आज्ञा न मानल्याबद्दल पाच पाद्री तुरुंगात गेले, एक तर दीड वर्षाहून जास्त. तुरुंगाने चॅझुबल थांबला नाही, उलट सहानुभूती वाढली. १९०६ साली चौकशी आयोगाने कबूल केले, की उपासनेचा कायदा या पिढीच्या धार्मिक जीवनाला तोकडा पडतो. तरी सुटका व्हायला १९६४ उजाडले. त्या वर्षी चॅझुबलसह सगळे प्रकार कायदेशीर ठरले. त्यापाठोपाठच्या नियमात लिहिले गेले, की या वेगवेगळ्या पेहरावांना चर्च कोणताही खास सैद्धांतिक अर्थ देत नाही. ज्या अर्थासाठी लोक तुरुंगात गेले तो कागदावर असा एका ओळीत पुसला गेला, आणि समेट झाला तो या ओळीमुळेच. २०१७ साली इंग्लंडच्या चर्चच्या धर्मसभेने पुढचे पाऊल टाकले. स्थानिक मंडळीशी विचारविनिमय करून पाद्र्याला उपासनावस्त्रे न घालण्याची मुभा मिळाली, आणि आज तिथे सूट किंवा जीन्समध्येही उपासना चालवली जाते.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये वाद कमी, कात्री जास्त. सोळाव्या शतकानंतर जरीकाम इतके जड झाले की हात वर उचलता यावेत म्हणून चॅझुबलच्या बाजू कापत कापत नेल्या. मागचेपुढचे दोन ताठ पत्रेच उरले. घोळदार आकार परत आला तो विसाव्या शतकात. मॅनिपल १९६७ साली ऐच्छिक झाला आणि लगेच दिसेनासा झाला. वेदीमागे उभे राहून लोकांकडे तोंड करण्याची पद्धत १९६४नंतर झपाट्याने पसरली, तेव्हा एक अडचण शिंप्यांच्या आधी कोणाच्या लक्षात आली नसावी. पाद्री लोकांकडे पाठ करून उभा असायचा म्हणून जुन्या चॅझुबलवरचा मोठा क्रूस आणि सगळे उंची भरतकाम पाठीवर असायचे. आता लोकांना दिसू लागली पुढची, तुलनेने साधी बाजू. नव्या चॅझुबलवरची नक्षी मग हळूहळू छातीवर सरकली.