डीजे एडिटसाठी परवानगी: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

गाण्याचा मुखडा उचलून त्याखाली हलगीचा ठेका घातला, वेग वाढवला आणि मध्ये स्वतःच्या नावाची आरोळी टाकली, की डीजे एडिट तयार होते. परंतु कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार त्या मुखड्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगवेगळे हक्क असतात. तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा चालतो, हा समज चुकीचा आहे. कायद्यात अशी सूट कुठेही नाही.

लग्नाच्या वरातीत किंवा धार्मिक विधीत गाणे वाजवण्यास कलम ५२ मध्ये सवलत आहे, मात्र ती वाजवण्यापुरतीच आहे आणि तेच एडिट इंटरनेटवर टाकण्यास लागू होत नाही. आयपीआरएस किंवा पीपीएल या गाणी वाजवण्याचे परवाने देणाऱ्या संस्थांकडून कार्यक्रमासाठी घेतलेल्या परवान्यानेही मूळ ध्वनिमुद्रण कापण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. पाच वर्षांनंतर कव्हर आवृत्ती काढण्याची कलम ३१-सी ची तरतूद नव्याने गायलेल्या-वाजवलेल्या गाण्यासाठी आहे, मूळ ध्वनिमुद्रण वापरणाऱ्या एडिटसाठी नाही.

परवानगीसाठी कोणतीही व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा म्युझिक कंपनीकडे असते, म्हणून अर्ज तिच्या परवाना विभागाकडे करावा आणि शब्द व चाल यांचे हक्क कोणाकडे आहेत, हेही तिथेच लेखी विचारावे. अर्जासोबत ओळखपत्र, मूळ गाण्याचा तपशील, एडिटची नमुना फाइल आणि ते कुठे प्रसिद्ध होणार याची माहिती द्यावी. कोणता भाग घेतला हे नेमके लिहावे, उदाहरणार्थ ‘०:४२ ते १:१०, दोनदा’. माझ्या मते अर्जातील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच, कारण संमती नेमकी कशाला मिळाली हे पुढे तिच्यावरूनच ठरते. फोनवरचा होकार पुरेसा नाही, कारण कलम ३० प्रमाणे परवाना लेखी लागतो. त्यात मुदत आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर पाच वर्षे आणि भारत एवढाच धरला जातो.

विनापरवानगी वापर जाणूनबुजून केल्याचे सिद्ध झाल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

परवाना मिळाल्यावर एडिटची नोंदणी करता येते, ती सक्तीची नाही. त्यासाठी कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म १४, ध्वनिमुद्रणाचे २,००० रुपये शुल्क आणि मूळ हक्कधारकांची ना-हरकत पत्रे द्यावी लागतात. डायरी क्रमांक (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावे लागते आणि त्यानंतरच अर्जाची छाननी होते.