फोन-इंटरनेटच्या चुकीच्या बिलाची तक्रार: डॉकेट नंबरपासून ग्राहक आयोगापर्यंत

कस्टमर केअरशी तासभर हुज्जत घातली म्हणजे तक्रार नोंदली गेली असं होत नाही. "तुमचा विषय पुढे पाठवलाय" या आश्वासनाला पुढे कुठेच किंमत नसते. किंमत असते ती डॉकेट नंबरला, म्हणजे तक्रारीच्या नोंदणी क्रमांकाला. ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवरची नियामक संस्था) 2012 च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला हा नंबर द्यावाच लागतो आणि तो एसएमएसने कळवावा लागतो. आणखी एक गोम अशी, की समोरचा माणूस बऱ्याचदा तुमचं म्हणणं 'सेवा विनंती' म्हणून टाकून मोकळा होतो. "ही बिलाबद्दलची तक्रार आहे, तशीच नोंदवा" असं स्पष्ट सांगा, कारण अपील होतं ते तक्रारीवर.

फोन लावण्याआधी बिल नीट वाचा. मागची थकबाकी, विलंब शुल्क, न मागितलेली एखादी सेवा, की कनेक्शन बंद केल्यानंतरचं भाडं? नेमकी कुठली ओळ मान्य नाही आणि रक्कम किती, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ब्रॉडबँड बंद करताना राउटर परत केल्याची पावती नसेल तर भांडण तिथेच लंगडं पडतं. घरी आलेला माणूस "सिस्टीममध्ये नोंद झाली" म्हणून निघून जातो आणि दोन महिन्यांनी राउटरच्या किमतीसकट बिल येतं. त्यामुळे हातात पावती, निदान मेसेज आल्याशिवाय राउटर देऊ नका. प्रीपेड असाल तर बॅलन्स कशाकशात गेला याचा तपशील मागता येतो. त्यासाठी कंपनी 50 रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही.

तक्रार सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत जायचं. बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात. फी नाही, वकील नको. ईमेल किंवा ऑनलाइन अर्ज चालतो. सोबत डॉकेट नंबर, वादातलं बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि कंपनीचं उत्तर जोडा. निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. कंपनीच कंपनीचा न्याय करणार, ही शंका रास्त आहे. पण अपिलांवर सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचाही एक सदस्य असतो, आणि काही नाही तरी कंपनीचं म्हणणं लेखी हातात येतं.

ट्रायला पत्र लिहून वैयक्तिक तक्रार सुटत नाही, ते काम ट्राय करत नाही. त्याऐवजी दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरूनही कंपनीकडे पाठपुरावा होतो.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. दूरसंचारच्या तक्रारी तिथे चालतात की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद होता; सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये चालतात असा निकाल दिला. आधी अपील केलंच पाहिजे अशी सक्ती नाही, पण केलेलं असलं तर बाजू भक्कम होते. घरगुती वापराचं कनेक्शन असेल तर तुम्ही ग्राहक आहातच. नफ्याच्या धंद्यासाठी घेतलं असेल तर अडचण येते. स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराला मात्र सूट आहे. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. दाव्याचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तो दाखल करा. तारखांच्या क्रमाने लिहिलेली हकिकत, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र, बिलं, एसएमएसचे स्क्रीनशॉट आणि अपिलाचा निकाल, एवढी कागदपत्रं लागतील. मागणीत चुकीची रक्कम परत मिळण्यासोबत मनस्तापाची भरपाई आणि दाव्याचा खर्चही लिहा. न मागितलेलं सहसा मिळत नाही.